उजेडातली अठरा वर्षं

नागपूरहून वर्ध्याकडे निघायचं असेल, तर फाल्गुनात निघावं. बुटीबोरीचे कारखाने मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी रानं उघडी पडतात. कापूस वेचून संपलेला असतो, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, तूरही घरी गेलेली असते. डोळ्यांना हिरवं म्हणावं असं फार थोडं उरतं, आणि नेमक्या त्या दिवसांत बांधाबांधावर पळस फुललेला असतो. अंगावर पान नाही, काळपट वाकड्या फांद्या आणि त्यांवर नुसती फुलं. यातलं एक फूल हातात घेऊन पाहावं. खाली गडद मखमली पेला, त्यातून पोपटाच्या चोचीसारखी वाकून बाहेर आलेली पाकळी, आणि पाकळीवर बारीक रुपेरी लव. त्या लवेमुळे केशरी रंग जवळून थोडा दबलेला वाटतो. दहा पावलं मागे सरलं की लव दिसेनाशी होते आणि तोच रंग उन्हात भडकून उठतो. एकाच फुलाचे दोन रंग झाले, एक अंतराचा आणि एक उजेडाचा. वर्धा जिल्ह्यात हिंडताना ही गोष्ट पावलोपावली समोर येते, आणि ज्या चित्रकाराविषयी मला लिहायचं आहे त्याच्या कामाकडे जाण्याची वाट मला याच फुलातून सापडते.

हा चित्रकार म्हणजे देवी प्रसाद. जन्म 1921, देहरादून. 1938 साली ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले, नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले आणि 1944 मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या शिक्षणयोजनेच्या, म्हणजे नई तालीमच्या, शाळेत कलाशिक्षक म्हणून आले. तिथे ते 1962 पर्यंत राहिले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी युद्धविरोधी चळवळीच्या 'वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल' या जागतिक संघटनेचं सरचिटणीसपद सांभाळलं. 1980 च्या दशकात ते भारतात परतले, दिल्लीत कुंभारकाम करत राहिले आणि 2011 मध्ये त्यांचं निधन झालं. कलाजगत त्यांना ओळखतं ते मुख्यतः स्टुडिओ पॉटरीतलं एक मोठं नाव म्हणून. त्यांचं आयुष्य सांगताना शांतिनिकेतनला मान मिळतो, दिल्लीच्या भांड्यांना मान मिळतो आणि मधली सेवाग्रामची अठरा वर्षं सेवेच्या खात्यात जमा केली जातात, जणू त्या काळात त्यांनी कुंचला बाजूला ठेवून देशकार्य केलं. मला ही वाटणी मुळातच चुकीची वाटते. इथला उजेड, इथली झाडं आणि इथली माती हाच त्यांच्या कलेचा कणा आहे. मात्र तो त्यांच्या चित्रांच्या विषयांत शोधायला गेलं तर हाती लागत नाही. परिसर कलावंताला विषय देतो हे खरं असलं, तरी ती त्याची सगळ्यात लहान देणगी असते. मोठी देणगी असते ती साधनांची आणि बघण्याच्या शिस्तीची.

आधी उजेडाचं बघू. वर्धा साधारण पावणेएकवीस अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटाकडे इथला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि झाडाची सावली गोळा होऊन त्याच्या बुंध्यापाशी बसते. पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, हवेत ओल उरत नाही, आणि दूरच्या टेकड्यांवर तो निळसर पडदा दिसत नाही ज्याच्या आधाराने चित्रकार अंतर दाखवतो. अशा उजेडात मधल्या छटा गळून पडतात. उरतो आकार, त्याची कड आणि एकसलग रंग. बंगालच्या पुनरुज्जीवनवादी चित्रकारांनी ज्या वॉश पद्धतीवर आपली ओळख उभी केली, ती 1903 च्या सुमारास कलकत्त्याला आलेल्या जपानी चित्रकारांच्या सहवासातून आली होती. कागद भिजवायचा, रंग चढवायचा, धुवायचा, पुन्हा चढवायचा. दमट हवेच्या, धूसर क्षितिजाच्या प्रदेशाला ती शोभते. वर्ध्याच्या एप्रिलमध्ये ओला कागद हातातच सुकतो, आणि सुकला नाही तरी खिडकीबाहेर धुक्यासारखं काहीच नसतं. यावर कुणी म्हणेल, नंदलालबाबूंचे विद्यार्थी तर रेषा आणि सपाट रंग आधीच शिकून आले होते. शांतिनिकेतनभोवतीचा बीरभूमचा तांबडा माळ, तिथले ताड, तिथलं ऊनही कमी कडक नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. रेषेचा धडा देवी प्रसाद इथे येण्याआधीच गिरवून आले होते. पण बीरभूमची जमीन लाल आहे आणि इथली काळी. लाल जमिनीवर हिरवं झाड उठून दिसतं. काळ्या जमिनीवर उजळ असेल ते सगळंच पुढे येतं: फुटलेलं कपाशीचं बोंड, बैलाची पाठ, सावरीचं फूल, खादीचा सदरा. शिकून आलेली रेषा इथे एका नव्या पार्श्वभूमीवर ठेवावी लागली, आणि तिच्यावाचून दुसरा मार्ग या उजेडाने ठेवला नाही.

हे नुसतं अनुमान राहू नये म्हणून सेवाग्रामच्या आश्रमातल्या एका भिंतीसमोर उभं राहावं. वर्धा शहरापासून आश्रम आठेक किलोमीटरवर आहे. गांधीजी 1936 च्या उन्हाळ्यात इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला म्हणून 1940 मध्ये ते सेवाग्राम झालं. बापूकुटी म्हणून आज जी झोपडी दाखवतात ती मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली. बांबूचा सांगाडा, मातीचा गिलावा, शेणाने सारवलेली जमीन, वर कवेलू. छपराची पाखं इतकी खाली उतरलेली की दारात वाकावं लागतं. दुपारचं ऊन सरळ आत शिरूच शकत नाही. ते अंगणावर आपटून, ओसरीच्या जमिनीवरून उसळून, खालून वर असं आत येतं. म्हणजे खोलीतला उजेड परतून आलेला असतो, मातीचा रंग घेऊन आलेला. इव्हान इलिच यांनी 1978 मध्ये सेवाग्रामच्या एका परिषदेत या झोपडीवर भाषण केलं होतं आणि घर कशाला म्हणावं याचा विचार तिच्यावरून मांडला होता. त्या झोपडीच्या साधेपणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण तिच्या उजेडावर फारसं कुणी बोलत नाही. आणि याच उजेडासाठी मीराबेननी भिंतीवर आकृती उठवल्या आहेत: ताडासारखी झाडं, पक्षी, चरखा, ॐ. हे रंगकाम नव्हे. मातीचाच थर भिंतीपेक्षा बोटभर उंच घेऊन केलेला उठाव. अशा उठावाला समोरून उजेड मिळाला तर तो मरतो. बाजूने तिरपा आला तर झाडाच्या एका कडेला बारीक सावली धरते आणि आकार जिवंत होतो. सकाळी एका बाजूची कड, संध्याकाळी दुसरी. इथे रंगाचं काम उजेड करतो, आणि हे करणाऱ्या बाईंना ते नक्की ठाऊक होतं. त्या कसलेल्या चित्रकार नव्हत्या. पण परिसर कलेत कसा उतरतो याचा याहून स्वच्छ दाखला मला महाराष्ट्रात दुसरा माहीत नाही. विषय झाड आहे, पण चित्र घडलं आहे ते मातीने आणि छपराच्या उतारामुळे.

देवी प्रसाद आले तेव्हा ही भिंत इथे होतीच, आणि ज्या शाळेत ते शिकवू लागले ती शाळाही हाताशी असलेल्या साधनांतून घडवण्याच्या याच विचारावर उभी होती. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने आराखडा केला, आणि आर्यनायकम दांपत्याच्या देखरेखीखाली सेवाग्रामात हिंदुस्तानी तालीमी संघाची शाळा सुरू झाली. आराखड्यात हस्तोद्योग मध्यभागी असला तरी चित्रकला आणि संगीत यांनाही जागा होती. आता अशा शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकापुढे पहिला प्रश्न येतो तो रंग कुठून आणायचे हा. नंदलालबाबूंनी 1936 मध्ये आपल्याच खानदेशातल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट गावात मिळणाऱ्या बांबू-मातीतून केली होती, आणि 1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठीची ती प्रसिद्ध भित्तिपत्रकं हातकागदावर मातीच्या रंगांत रंगवली होती. त्याच वर्षी कलाभवनात पाऊल टाकलेल्या विद्यार्थ्याला रंग दुकानातूनच येतो असं वाटणं शक्य नव्हतं. वर्धा जिल्ह्यात तर रंगपेटी रानभर पसरलेली आहे. पळसाची फुलं उकळली की पिवळा, तुरटीची जोड मिळाली की तो पक्का. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा गंज पडला की काळा. बाभळीच्या सालीचा तपकिरी, गेरूचा तांबडा, चुन्याचा पांढरा, दिव्याच्या काजळीचा मऊ काळा. रंग कागदाला धरून ठेवायला बाभळीचा डिंक. बोरच्या जंगलात धावडा आहे, आणि त्याचा डिंक विदर्भातल्या बाळंतिणींच्या लाडवांत जातो तसाच कापडछपाईतही पूर्वीपासून वापरला जातो. शिंदीच्या किंवा बांबूच्या काडीचं टोक ठेचलं की कुंचला तयार. वर्धा शहरातल्या मगन संग्रहालयात, जे गांधीजींनी 1938 च्या डिसेंबरमध्ये खुलं केलं, आजही नैसर्गिक रंगांतली खादी पाहायला मिळते. त्या कापडावरचा पिवळा पाहिल्यावर बांधावरचा पळस आठवला, तर त्याचं कारण कविकल्पना नाही. दोन्हीत द्रव्य एकच आहे.

मातीची गोष्ट याहून कठीण आहे, आणि मला तीच जास्त बोलकी वाटते. कुंभारकामाची देवी प्रसादांची सुरुवात सेवाग्रामातली. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढी काळी कसदार जमीन आहे, मातीला काय तोटा? पण कपाशीची काळी माती कुंभाराची वैरीण आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना इतकी आक्रसते की शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भांड्याचंही तेच होतं. शिवाय तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत ते जळून कळीचा चुना होतो, भांडं चांगलं भाजून निघतं, दिसायला देखणं असतं, आणि चार दिवसांनी हवेतली ओल लागून आतला खडा फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो. म्हणून इथला कुंभार नाल्याचा, तळ्याचा गाळ शोधतो, चाळतो, त्यात राख, वाळू, लीद मिसळतो, आणि आवा लावताना कुठली माती किती आच सोसेल हे तळहाताने ओळखतो. चित्रकार माणूस या कामाला बसला की त्याची एक सवय मोडते. कागदावर त्याची इच्छा चालते. मातीपुढे आधी मातीचं ऐकावं लागतं. देवी प्रसादांनी पुढे लंडन आणि दिल्लीत केलेली भांडी नावाजली गेली, पण मातीचं ऐकण्याची ही सवय त्यांना कुठे लागली याचं उत्तर वर्ध्याच्या नाल्यात आहे.

सगळ्यात मोठा आक्षेप असा येईल की हे सगळं झाडांचं आणि उजेडाचं श्रेय नव्हे, गांधीजींचं आहे. गांधी नसते तर देहरादूनचा, शांतिनिकेतनात शिकलेला तरुण वर्ध्याला कशाला आला असता? आला नसता, हे उघड आहे. पण येण्याचं कारण आणि राहण्याचं कारण एकच असतं असं नाही. देवी प्रसाद 1944 मध्ये आले. गांधीजी त्याच वर्षी आगाखान पॅलेसच्या कैदेतून सुटून सेवाग्रामला परतले आणि ऑगस्ट 1946 मध्ये इथून गेले ते पुन्हा कधीच आले नाहीत. म्हणजे दोघांचा इथला एकत्र काळ जेमतेम दोन वर्षांचा, आणि त्यातही गांधीजी कितीतरी काळ फिरतीवर. त्यानंतरची सोळा वर्षं देवी प्रसाद इथेच राहिले. विनोबांच्या भूदानाशी ते जोडले गेले, त्या काळाची छायाचित्रं त्यांनी टिपली, नई तालीमचं लेखन-संपादन केलं, भट्टी चालवली, मुलांना शिकवलं. ज्या माणसाच्या ओढीने आलो तो निघून गेल्यावरही एखादा कलावंत सोळा वर्षं एका गावात टिकतो, तेव्हा त्या गावाने त्याला काही दिलेलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. शाळेत चित्रकला शिकवणं ही कलेची कारकीर्द म्हणायची का? एवढ्या वर्षांत मोठी प्रदर्शनं झाली नाहीत, एखादं युगप्रवर्तक चित्र झालं नाही. त्यात नई तालीमचा सारा भर उपयुक्ततेवर: सूत, शेती, सफाई. कलेला तिथे पाहुणीची जागा. या शंकेत तथ्य आहे. उपयुक्ततेच्या नावाखाली कला कोपऱ्यात बसवण्याची प्रवृत्ती त्या काळच्या रचनात्मक कार्यात होती, आणि आजही आपल्या शाळांत आहे. पण देवी प्रसादांनी याचं उत्तर आयुष्यभर दिलं, आणि नॅशनल बुक ट्रस्टने 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात ते सविस्तर आलं. कला हाच शिक्षणाचा पाया, ही त्या पुस्तकाची भूमिका त्याच्या नावातच आहे, आणि तिच्यामागे सेवाग्रामच्या मुलांबरोबरचा अनुभव उभा आहे. म्हणजे ज्या अठरा वर्षांना आपण कलेतली सुट्टी समजतो, तीच त्यांच्या मुख्य विचाराची प्रयोगशाळा होती. आणि झाडाचा प्रश्न इथेच परत येतो. शेतकऱ्याचं पोर पळस रोज पाहतं. पळसाला पानं तीनच हे त्याला म्हणीतूनही माहीत असतं. पण ती तीन पानं देठावर कशी बसतात, मधलं पान बाजूच्या दोघांपेक्षा वेगळं कसं, सकाळच्या तिरप्या उन्हात पानाची पाठ आणि पोट यांचा हिरवा एक का नसतो, हे काढायला बसल्याशिवाय दिसत नाही. काढायला बसलेलं मूल वनस्पतिशास्त्र शिकतं आणि चित्रकलाही, आणि त्या क्षणी या दोन विषयांत भिंत नसते. शिक्षक म्हणून हे घडवून आणणं ही मला चित्र काढण्याइतकीच कलाकृती वाटते, फक्त ती चौकटीत लावता येत नाही.

'देशी झाडं' हा शब्दही जपून वापरायला हवा, कारण त्यात स्मरणरंजन चटकन शिरतं. ज्या हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातला सगळ्यात सरस म्हणून नावाजला जाई, त्याच हिंगणघाटच्या रानात आज अमेरिकन वाणाची बीटी कपाशी उभी आहे. रस्त्याकडेला मादागास्करचा गुलमोहर, ऑस्ट्रेलियाची निलगिरी. शिवाय आश्रमाच्या भिंतीवर झाडं उठवणारी बाई इंग्लंडहून आलेली आणि मुलांना झाडं दाखवणारा शिक्षक देहरादूनचा. मग देशीपणाचा एवढा आग्रह कशाला? माझं उत्तर असं की देशी असावं लागतं ते झाड, बघणारा कुठलाही चालतो. इथल्या झाडांचं वेळापत्रक इथल्या उजेडाशी बांधलेलं आहे. पानझड झाल्यावर, ऊन अडवायला काही नसताना पळस आणि सावर फुलतात. मोहाची फुलं रात्रभर उमलून पहाटे जमिनीवर सांडतात. ऐन चैत्रात, सगळं करपत असताना, कडुनिंबाला तांबूस कोवळी पालवी येते आणि सागाच्या खराट्यांमधून ऊन सरळ जमिनीला भिडतं. हे गणित हजारो वर्षांत जुळलं आहे. मीराबेन हे शिकून पुढे गेल्या, असं मी म्हणेन. सेवाग्राम सोडून त्या हिमालयाच्या पायथ्याशी राहिल्या आणि 1952 मध्ये त्यांनी लिहिलं की तिथल्या डोंगरांत काहीतरी बिघडतं आहे: पाणी धरून ठेवणारा बांज ओक मागे हटतो आहे आणि चीड पाइन त्याची जागा घेतो आहे. पर्यावरण हा शब्द आपल्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. भिंतीवर झाडाची कड उठवताना जो डोळा लागतो, त्याच डोळ्याने त्यांनी डोंगरावरचं झाड वाचलं होतं.

वर्धा–सेवाग्राम रस्त्यावरच्या जुन्या झाडांवर 2020 मध्ये रुंदीकरणासाठी कुऱ्हाड चालू लागली, तेव्हा वर्धेकर विरोधात उभे राहिले. रस्ता रुंद होऊ नये असं कुणाचं म्हणणं नव्हतं. पण त्या रस्त्याने आश्रमाकडे जाताना आधी कमानीसारखी सावली लागते, मग एकदम उघडं अंगण, आणि मग बुटक्या ओसरीतला तो परतून आलेला मातकट उजेड. या तीन उजेडांतून चालत गेल्याशिवाय भिंतीवरचा उठाव नीट दिसत नाही. भर उन्हातून थेट आत शिरलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काही क्षण नुसता अंधार असतो. आश्रमाच्या आवारात गांधीजींनी 1936 मध्ये लावलेला पिंपळ आता प्रचंड झाला आहे. त्याच्या पारावर बसून वाट पाहावी. ऊन कललं की सावली ओसरीकडे सरकू लागते, आतल्या भिंतीवर उजेड तिरपा होतो, आणि मघाशी सपाट वाटलेल्या मातीतून ताडाचा एकेक झाप, आधी बारीक कडेने, मग पुरता, वर येऊ लागतो.